न्यूट्रिनोचा प्रयोग आणि विद्यार्थ्याची मुदत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात अलीकडे एका वाचकाने विचारले होते की, न्यूट्रिनो नावाचा जो कण पृथ्वीच्या आरपार जातो आणि वाटेत जवळजवळ कशालाही धक्का लावत नाही, त्याच्या अभ्यासासाठी तरुण मुलामुलींना पाच-पाच, सहा-सहा वर्षे विद्यावेतन देण्याचे कारण काय. प्रश्न सरळ आहे आणि सार्वजनिक पैशाविषयी असल्यामुळे त्याला उत्तर मिळालेच पाहिजे. न्यूट्रिनोच्या प्रयोगांत मी तीस वर्षांहून अधिक काळ काम केले. आधी संशोधक विद्यार्थी म्हणून आणि पुढे विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक म्हणून. तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यासारख्यावर येते. मात्र उत्तर देताना मला एक तक्रारही मांडायची आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्याला पैसे दिले जातात यात काही चुकत नाही. ते ज्या मुदतीला बांधून दिले जातात, ती मुदत या विषयाशी जुळत नाही.

आधी या कणाचा स्वभाव सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. सूर्याकडून येणारे सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो आपल्या शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला जातात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. वोल्फगांग पाउली यांनी ४ डिसेंबर १९३० रोजी लिहिलेल्या एका पत्रात हा कण असावा असे सुचवले, कारण बीटा ऱ्हासात, म्हणजे अणुकेंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या क्रियेत, थोडी ऊर्जा हरवल्यासारखी दिसत होती आणि हिशेब लागत नव्हता. तो प्रत्यक्ष हाती लागायला १९५६ साल उजाडले. फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी सव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीजवळ आपले उपकरण उभे केले. अणुभट्टीतून न्यूट्रिनोंचा प्रचंड लोंढा येत असतानाही त्यांना तासाला सुमारे तीनच नोंदी मिळत होत्या. राइन्स यांना या कामासाठी नोबेल मिळाले ते १९९५ मध्ये. कोवन त्याच्या एकवीस वर्षे आधीच वारले होते.

तासाला तीन नोंदी म्हणजे त्या काळी चैनच म्हणायची. रेमंड डेव्हिस यांनी होमस्टेक खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोलवर कपडे धुण्याच्या कारखान्यांत वापरतात तसल्या क्लोरीनयुक्त द्रवाची एक टाकी बसवली. तिच्यात सुमारे ३ लाख ८० हजार लिटर द्रव होता. सूर्याकडच्या न्यूट्रिनोने क्लोरीनच्या अणूचे आर्गॉनमध्ये रूपांतर केले, तर असे मूठभर अणू काही आठवड्यांनी त्या सगळ्या द्रवातून बाहेर काढून मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. तीस वर्षांत एकूण सुमारे २,००० न्यूट्रिनो पकडले गेले. अपेक्षेच्या एक तृतीयांशच मिळत होते, आणि डेव्हिस यांचे मोजमाप चुकले असेल असे अनेकांना वर्षानुवर्षे वाटत राहिले. ते चुकले नव्हते. न्यूट्रिनोचे तीन प्रकार असतात; ते वाटेत आपला प्रकार बदलत होते आणि डेव्हिस यांच्या टाकीला त्यांतला एकच प्रकार ओळखता येत होता.

इतक्या थोड्या नोंदींवर जेव्हा निष्कर्ष उभा राहतो, तेव्हा प्रयोगाचा बहुतेक सारा वेळ न्यूट्रिनो पाहण्यात जात नाही. जे न्यूट्रिनो नाही ते ओळखून बाजूला काढण्यात जातो. उपकरणाच्या काचेत, पोलादात, केबलच्या आवरणात, प्रयोगशाळेच्या हवेतील रेडॉन वायूत, सगळीकडे किंचित किरणोत्सर्ग असतो, आणि त्या किंचितातच आपल्याला हवा असलेला संकेत बुडून जातो. इटलीतील ग्रान सासो पर्वताखालच्या क्युओरे प्रयोगाला चिलखत म्हणून शिसे हवे होते. नव्या शिशात लेड-२१० हे किरणोत्सारी समस्थानिक सापडते. त्याचे अर्धायुष्य सुमारे बावीस वर्षांचे असते, म्हणून शिसे जितके जुने तितके शांत. म्हणून सार्डिनियाच्या समुद्रात बुडालेल्या एका रोमन जहाजातले, दोन हजार वर्षांपूर्वीचे शिसे त्यासाठी वापरले गेले. मला हे उदाहरण फार आवडते. घाई करून या विषयात काही हाती लागत नाही, हे त्यात अगदी वजनासकट दिसते.

पीएचडीचा विद्यार्थी या सगळ्यात नेमका काय करतो, हे वर्तमानपत्रांत फारसे येत नाही, त्यामुळे वाचकांच्या मनात फळ्यासमोर उभ्या असलेल्या तरुणाचे चित्र असले तर त्यांचा दोष नाही. प्रत्यक्षात तो कॅलिब्रेशन करतो. ज्ञात ऊर्जेचा किरणोत्सारी स्रोत उपकरणात उतरवायचा, किंवा लेझरची क्षीण चमक सोडायची, आणि उपकरण तिला किती म्हणून वाचते ते पाहायचे. महिनाभराने पुन्हा पाहायचे, कारण तापमान बदलते, द्रवाची पारदर्शकता बदलते, प्रकाश टिपणाऱ्या फोटोमल्टिप्लायर नळ्या म्हाताऱ्या होतात. चीनमधील जूनो या प्रयोगात २० हजार टन सिंटिलेटर आहे, म्हणजे कण गेला की क्षणभर चमकणारे द्रव, आणि त्या चमकेकडे डोळे लावून बसलेल्या वीस इंची नळ्यांची संख्या १७,६१२ आहे. त्या प्रत्येक नळीची बसवण्याआधी तपासणी झालेली असते. नळी हातात घेऊन अंधाऱ्या खोलीत ती किती वेळा उगाचच चमक नोंदवते हे मोजणे, तिचा क्रमांक लिहिणे आणि पुढची नळी उचलणे, हे काम जगभरच्या अशा प्रयोगांत मोठ्या प्रमाणावर संशोधक विद्यार्थ्यांनी केलेले असते. द्रवरूप आर्गॉनच्या उपकरणांत दुसरी काळजी असते. तिथे उणे १८६ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या द्रवातून, न्यूट्रिनोच्या धडकेमुळे सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना काही मीटर वाहत जावे लागते, आणि ऑक्सिजनचे प्रमाण अब्जातल्या एका भागाहूनही खूप कमी राखले नाही, तर ते वाटेतच गिळले जातात. त्या शुद्धतेची रोजची नोंद ठेवणे हा एखाद्या प्रबंधाचा कणा असू शकतो.

या कामाला दुय्यम समजणाऱ्यांना मी २०११ सालाची आठवण करून देतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरच्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचतात, असे ऑपेरा प्रयोगाच्या मोजमापात दिसले आणि जगभर खळबळ उडाली. पुढे २०१२ मध्ये उलगडा झाला: वेळेचा संकेत आणणाऱ्या प्रकाशतंतूच्या केबलची जोडणी पूर्ण घट्ट बसलेली नव्हती. सापेक्षतावादाला आव्हान देणारा आकडा आणि सैल जोडणी यांतला फरक ओळखण्यासाठी लागते ते ज्ञान कुठल्या पाठ्यपुस्तकात नसते. एकेका केबलचा विलंब ज्याने स्वतः मोजला आहे, अशा माणसाच्या हाताबोटांत ते असते. असा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांत त्याने भाडे भरायचे असते, जेवायचे असते, आजारी पडले तर औषध घ्यायचे असते. विद्यावेतन म्हणतात ते यासाठी. मी त्याला शिक्षणावरचे अनुदान मानत नाही. नळ्या, द्रव आणि बोगदा यांच्याइतकाच तो प्रयोगाच्या खर्चाचा भाग आहे.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. अनेक देशांत पीएचडीची शिष्यवृत्ती तीन किंवा चार वर्षांची असते, काही ठिकाणी पाचसहा. प्रयोगांचे घड्याळ मात्र निराळे चालते. कॅनडातील सडबरी न्यूट्रिनो वेधशाळेची, म्हणजे एसएनओची कल्पना १९८० च्या दशकाच्या मध्यावर पुढे आली, तिला १९९० मध्ये निधी मिळाला, आणि जमिनीखाली दोन किलोमीटरवर १,००० टन जड पाण्याने, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या पाण्याने, भरलेले ते उपकरण १९९९ मध्ये नोंदी घेऊ लागले. डेव्हिस यांचे हरवलेले दोन तृतीयांश न्यूट्रिनो हरवलेले नसून बदललेले आहेत, हे त्याच उपकरणाने २००१ आणि २००२ मध्ये दाखवून दिले. न्यूट्रिनोचे वस्तुमान थेट मोजू पाहणाऱ्या जर्मनीतील कात्रिन प्रयोगाची २०० टनी टाकी २००६ मध्ये कार्ल्सरूहला पोचली. ती बनवली गेली ते ठिकाण तिथून जेमतेम ४०० किलोमीटरवर होते, पण एवढी अवजड वस्तू रस्त्याने नेता येईना, म्हणून नद्या आणि समुद्र यांतून सुमारे ९,००० किलोमीटरचा वळसा घालून ती आणावी लागली. वस्तुमानाचे पहिले मोजमाप सुरू झाले २०१९ मध्ये. त्या तेरा वर्षांत तिथे विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या असतील, हे वाचकांनी स्वतःच मोजावे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची कमाल मर्यादा, ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या दहा लाखाव्या हिश्शाहूनही कमी, त्या सर्वांच्या खांद्यांवर उभी आहे.

मी स्वतः या दोन घड्याळांच्या मधल्या फटीत सापडलो होतो. माझ्या प्रबंधाचा विषय उपकरण भरल्यानंतरच्या पहिल्या वर्षाच्या नोंदींवर बेतलेला होता, आणि एका झडपेतील गळतीमुळे उपकरण भरण्याचे काम चौदा महिने पुढे गेले. गळती शोधण्यात मी होतो, झडप बदलण्यात मी होतो, भरतीच्या वेळी रात्रपाळीलाही मी होतो. नोंदी येऊ लागल्या त्या महिन्यात माझे विद्यावेतन संपले. मी विनंती केली, तेव्हा मुदतवाढ केवळ आजारपणासाठी मिळते असे मला लेखी कळवण्यात आले. शेवटचे वर्ष मी शिकवण्या घेऊन आणि रात्री विश्लेषण करून काढले. माझ्याबरोबरची एक विद्यार्थिनी, जिला उपकरणातील इलेक्ट्रॉनिक्स आमच्यापैकी कोणाहीपेक्षा चांगले कळत होते, त्या वर्षी संशोधन सोडून गेली. तिच्यावर घरची जबाबदारी होती आणि माझ्यावर नव्हती, एवढाच आम्हा दोघांतला फरक. ती गेल्यावर तिच्या वह्यांतून तिचे काम समजून घ्यायला आम्हाला कित्येक महिने लागले. याला काटकसर म्हणतात हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

यावर कोणी म्हणेल की, विद्यार्थ्याने मुदतीत संपेल असाच विषय घ्यावा. यात तथ्य आहे आणि शहाणे मार्गदर्शक तसे करतातही. मोठा प्रयोग उभा राहत असताना त्याच्या छोट्या प्रतिकृतीवर प्रबंध होऊ शकतो. अमेरिकेत ड्यून या न्यूट्रिनोच्या प्रयोगासाठी सुमारे दीड किलोमीटर खोल कोरलेल्या गुहांचे खोदकाम २०२४ च्या सुरुवातीला पूर्ण झाले, पण त्याचे सुमारे ७७० टन द्रवरूप आर्गॉनचे प्रारूप सर्नमध्ये २०१८ मध्येच कणांच्या झोतात चाचणी देत होते, आणि त्या नोंदींवर चांगले प्रबंध झाले. छोटे प्रयोगही असतात. न्यूट्रिनो अख्ख्या अणुकेंद्रकावर एकसंध आदळू शकतो, हे भाकीत १९७४ मध्ये केले गेले होते; ते २०१७ मध्ये खरे ठरवणाऱ्या कोहेरंट प्रयोगाचा न्यूट्रिनो टिपणारा स्फटिक होता अवघा १४.६ किलोग्रॅमचा. अशा ठिकाणी एकच विद्यार्थी जोडणीपासून निष्कर्षापर्यंत सगळे पाहू शकतो. तरीही सगळ्यांनाच प्रतिकृतींवर बसवले, तर मोठ्या उपकरणाची पहिली, अडचणींची वर्षे कोणी काढायची?

शिवाय विषय आधी ठरवून त्याला मुदत आखून देणे या शास्त्राला नेहमी मानवतेच असे नाही. ताकाआकी काजिता यांनी जपानमधील कामिओकांदे उपकरणावर १९८६ मध्ये पीएचडी पूर्ण केली, ती प्रोटॉनसारख्या केंद्रकणांचा ऱ्हास शोधण्यावर. ३,००० टन पाण्याचे ते उपकरण त्यासाठीच बांधले होते. ऱ्हास सापडला नाही. पण त्या शोधात वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो हा अडथळा होता, तो बाजूला सारण्यासाठी काजिता कण ओळखण्याचे सॉफ्टवेअर सुधारत होते, आणि तेव्हा त्यांना तीन प्रकारांपैकी म्युऑन प्रकारचे न्यूट्रिनो कमी भरत असल्याचे दिसले. पहिली शंका आपल्याच प्रोग्रॅमवर घ्यायची असते, आणि ती त्यांनी घेतलीही. १९८८ मध्ये गटाने ही तूट प्रसिद्ध केली. तिचा निर्विवाद पुरावा ५० हजार टनी सुपर-कामिओकांदेने दिला १९९८ मध्ये, आणि एसएनओचे आर्थर मॅकडोनाल्ड यांच्यासमवेत काजितांना नोबेल मिळाले २०१५ मध्ये. अडथळा म्हणून ज्याच्याकडे पाहिले तोच शोध ठरला. असा शोध अर्जाच्या तिसऱ्या रकान्यात, ‘अपेक्षित निष्पत्ती’ या शीर्षकाखाली, कोणाला लिहिता आला असता?

माझी मागणी मोठी नाही. शिष्यवृत्तीची मूळ मुदत ठेवावी, परंतु उपकरणाला झालेला विलंब विद्यार्थ्याच्या हातात नसेल, तर तेवढी मुदतवाढ हक्काने मिळावी आणि तिची तरतूद प्रयोगाच्या मंजूर निधीतच पहिल्या दिवसापासून असावी. बोगद्याचा खर्च वाढला तर वाढीव निधी मागितला जातो; विद्यार्थ्याच्या वाढीव वर्षाचा हिशेब मात्र कोणाच्याच खात्यात नसतो. प्रयोगस्थळी जाण्यायेण्याचा आणि तिथे राहण्याचा खर्च विद्यावेतनातून कापून घेऊ नये. ही उपकरणे खाणींत, डोंगरांखाली, दक्षिण ध्रुवाच्या बर्फात असतात. तिथल्या आइसक्यूब प्रयोगाचे ५,१६० प्रकाशसंवेदक त्या बर्फात दीड ते अडीच किलोमीटर खोलीवर पुरलेले आहेत. तिथे पोचणे ही कोणाची हौस नसते. आणि उपकरण उभारणीवरचा प्रबंध हा पूर्ण प्रबंध मानावा. कित्येक विभागांत आजही अंतिम आलेखाशिवाय प्रबंध अपुरा समजला जातो, आणि मग विद्यार्थी त्या आलेखाची वाट पाहत पगाराविना थांबतो.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे अधिक लिहिण्याची परवानगी असावी. मोठ्या प्रयोगांचे शोधनिबंध शेकडो नावांनी प्रसिद्ध होतात आणि नावे बहुधा वर्णानुक्रमे असतात. ते योग्यच आहे, कारण काम सर्वांचे असते. पण त्यामुळे कोणत्या तरुण व्यक्तीने नेमके काय केले, हे बाहेरच्याला फक्त तिच्या प्रबंधावरून कळते. ज्या चुका झाल्या, जे उपाय फसले, कोणत्या नळीच्या कोणत्या आवरणातून पाणी शिरले, ते शोधनिबंधाच्या मर्यादित पानांत मावत नाही आणि प्रबंधात मावते. सुपर-कामिओकांदेमध्ये १२ नोव्हेंबर २००१ रोजी एक नळी आत कोसळली आणि तिच्या दाबलहरीने एकामागून एक हजारो नळ्या काही क्षणांत फुटल्या. त्यानंतर नळ्यांना संरक्षक आवरणे घालण्यात आली. असे धडे पुढच्या उपकरणापर्यंत पोचवायचे, तर ते कोणीतरी सावकाश, तपशीलवार लिहून ठेवावे लागतात. माझ्या अनुभवात नवा विद्यार्थी आला की त्याच्या हातात पहिल्यांदा दिला जातो तो जुना प्रबंध.

पत्रलेखक वाचकांच्या मूळ प्रश्नाचा एक भाग उरतो: याचा उपयोग काय? अणुभट्टीतून बाहेर पडणारे प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोचे प्रतिकण, अडवता येत नाहीत, त्यामुळे भट्टीवर बाहेरून लक्ष ठेवण्यासाठी त्यांचा वापर करता येतो, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. पण मी त्या आधारावर शिष्यवृत्तीचे समर्थन करणार नाही, कारण कोणीही विद्यार्थी त्यासाठी या विषयात येत नाही आणि मीही आलो नव्हतो. विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य अधिक का उरले, या प्रश्नाचे धागेदोरे न्यूट्रिनोच्या वागण्यात असू शकतात. सूर्याच्या गाभ्यात या क्षणी काय चालले आहे ते त्याच्याखेरीज इतक्या थेटपणे कोणी सांगू शकत नाही. आणि २३ फेब्रुवारी १९८७ रोजी एका शेजारच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तास आधी येथे पोचले, तेव्हा ते टिपायला कामिओकांदे जागे होते, कारण त्याची सुधारणा जेमतेम काही आठवडे आधी पूर्ण झाली होती. त्या दिवशी तिथे अकरा नोंदी झाल्या. तेवढ्यांवर ताऱ्यांच्या मृत्यूविषयीचे एक अख्खे दालन उघडले. मला हे पुरेसे वाटते, आणि वाचकांनाही वाटावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

जी मुलेमुली आज या विषयात पीएचडीचा विचार करत आहेत, त्यांच्या पालकांनी आणि त्यांनी स्वतः जागा स्वीकारण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात, एवढे सांगणे माझे कर्तव्य आहे. उपकरण आज नोंदी घेत आहे का, नसल्यास ते उशिरा सुरू झाले तर पर्यायी विषय कोणता. विद्यावेतन विद्यार्थ्याच्या नावे आहे की मार्गदर्शकाच्या प्रकल्पाला जोडलेले, कारण प्रकल्प संपला की दुसऱ्या प्रकारचे विद्यावेतनही संपते. रात्रपाळ्या किती आणि त्यांच्या प्रवासाचे काय. आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, आणि त्यांच्यापैकी कोणाशी मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत बोलता येईल का. चांगला मार्गदर्शक या प्रश्नांनी दुखावत नाही.

जूनो ऑगस्ट २०२५ मध्ये नोंदी घेऊ लागला आहे. न्यूट्रिनोच्या तीन वस्तुमानांपैकी कोणते सर्वांत जड, हा त्याच्यापुढचा मुख्य प्रश्न आहे आणि त्याचे खात्रीलायक उत्तर मिळायला साधारण सहा-सात वर्षांच्या नोंदी लागतील असा अंदाज आहे. पहिल्या दिवशी तिथे रुजू झालेला विद्यार्थी चार वर्षांच्या शिष्यवृत्तीवर असेल, तर उत्तर येण्याआधी दोन-तीन वर्षे त्याचे विद्यावेतन थांबलेले असेल. त्या वर्षांत त्याने राहायचे की जायचे, आणि राहायचे तर कोणत्या खात्यातून, हे त्याला रुजू होतानाच लेखी मिळावे.

आपला विश्वासू,
प्रायोगिक भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक